पाच सेकंदांचा सूर

आबा,

परवा साताऱ्यात एका सभागृहात गाणं ऐकायला गेलो होतो. रंगमंचावर एकटी एक मुलगी. तबला नाही, पेटी नाही, मागं तंबोऱ्यावर कुणी नाही. तिच्या पायाशी डब्यासारखं एक लहानसं यंत्र होतं. ती एक आलाप घ्यायची, पायानं कळ दाबायची, आणि तोच आलाप आपोआप फिरून फिरून वाजत राहायचा. मग ती त्याच्यावर दुसरा चढवायची, मग तिसरा. लोक माना डोलवत होते. मला मात्र दरदरून घाम फुटला. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, बरं वाटत नाही का म्हणून. उकडतंय म्हणालो, आणि डोक्यावर पंखे गरगरत होते. गाणं राहिलं बाजूला, मी सगळा वेळ त्या डब्याकडंच बघत होतो, की आता सूर तुटणार, आता तुटणार. तुमच्या लेकाचं भित्रेपण वयानं कमी झालेलं नाही. आई म्हणायची ना, "हात सनईवाल्याचं हायती ह्याचं, पर काळीज सशाचं."

तुम्ही मला सूर धरायला बसवलंत तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. सनईची बोटं बऱ्यापैकी बसली होती, त्यामुळं अंगात वारं शिरलेलं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि मी तोऱ्यात म्हणालो, सूर धरण्यात काय आहे, एकच तर स्वर, बोटंसुद्धा हलवायची नाहीत. तुम्ही उठलात. परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणलात, पाण्यानं भरलेला तांब्या माझ्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "फुक. बुडबुडं थांबता कामा न्हाईत. गालात वारा धर, नाकानं दम घे." आईच्या दोन भाकरी व्हायच्या आत मी लालबुंद होऊन खोकत होतो. मग तुम्ही तो देठ तोंडात धरलात. आईची भाकरींची चवड होत आली, चूल विझवायची वेळ झाली, तरी तांब्यातले बुडबुडे थांबले नाहीत. देठ बाजूला काढून तुम्ही एवढंच म्हणालात, "वाजीवणाऱ्याला लोक वा म्हंत्यात. धरणाऱ्याकडं कुणी बघत न्हाई. पर धरणारा सुटला की वाजीवणारा उघडा पडतोय, ध्यानात ठेव." त्यानंतर सूर कायम तुम्ही धरलात आणि सनई माझ्या हातात दिलीत. चौघडा वाजवणारे काका गेल्यावर नगारखान्यात आपण दोघंच उरलो.

कवठे महांकाळच्या बाजूच्या आपल्या त्या गावात देवीची पालखी चैत्रात निघते. पालखी उंबऱ्याबाहेर पडली की परत गाभाऱ्यात येईपर्यंत नगारखान्यातला सूर तुटू द्यायचा नाही, हा आपल्या घराकडचा नेम. सनई थांबली तर चालते, वाजवणारा पाणी पिऊ शकतो, सूर नाही थांबायचा. सव्वा तास. सूर तुटला तर गावावर काय येतं ते कुणी सांगत नव्हतं, आणि सांगत नव्हते म्हणूनच मला जास्त भीती वाटायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. त्या माघात तुमचा दम तुटायला लागला. मी तेव्हा सांगलीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो. घरी यायचो तेव्हा अंगणातूनच तुमची धाप ऐकू यायची. मिरजेच्या डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी झालंय म्हणून सांगितलं आणि भरती व्हायची तारीख दिली, ती नेमकी यात्रेच्या तोंडावर. पंचक्रोशीतल्या दुसऱ्या सनईवाल्यांना विचारावं, तर त्याच दिवशी ज्याच्या त्याच्या गावाची यात्रा. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हा मी मालकांकडून दुकानातला मोठा स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला.

भिंतीला टेकून तुम्ही सुराची सनई तोंडाला लावलीत. पहिल्यांदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला. सातव्या की आठव्या खेपेला जरा नितळ सूर निघाला, तो ऐकून ऐकून मी त्यातले पाच सेकंद निवडले. ब्लेडनं फीत तिरकी कापली, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि हातभर अंतरावर सोड्याची बाटली उभी करून ती माळ तिच्याभोवतून फिरवली. सूर सुरू झाला तो थांबेचना. तुम्ही डोळे बारीक करून बघत होतात.

"ह्याला शेंडा न्हाई, बुडखा न्हाई."

"व्हय आबा."

"आन दम कवा घेणार ह्यो?"

"घेतच न्हाई."

तुम्ही हसलात आणि त्या हसण्यानं तुम्हाला अशी उबळ आली की आई पाणी घेऊन धावली. मागं टेपमधून तुमचाच सूर चालू होता. तो बंद करायलाही मला सुधरलं नाही.

यात्रेच्या सकाळी मी एकटा नगारखान्यात चढलो. तुम्ही आणि आई मिरजेला. दिव्याच्या तारेवरून वीज घेतली होती, लाउडस्पीकरचा कर्णा देवळाच्या तोंडाकडं केला होता. पालखी उंबऱ्याबाहेर आली आणि मी कळ दाबली. आबा, वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सनईवर असतात, हे मी विसरलोच होतो. जोड सुटला, बाटली कलंडली, फीत गुंतली, तर मी काय करणार होतो? दर पाच सेकंदांनी जोड पुढं सरकताना बारीक टक व्हायचं. खाली कुणाला ऐकू जात नव्हतं, मला तेवढंच ऐकू येत होतं. टक झालं की एक फेरा पदरात पडला. बोटं सवयीनं फिरत होती, काय वाजवतोय याचं भान नव्हतं.

आणि तो सूर मी समजत होतो तेवढा नितळ नव्हता. त्याच्या शेवटाला तुमची एक घरघर होती. घरी ऐकताना कधी कळली नाही, कर्ण्यातून कळली. दर फेऱ्याला तुमचा दम संपत आल्यासारखा व्हायचा आणि टक, पुन्हा सुरू. मग एक वेडंवाकडं मनात शिरलं ते निघेना. मिरजेत ह्या क्षणी तुमचं काही बरंवाईट झालं असेल तर? तुम्ही तिकडं गेलेले आणि इकडं तुमचा दम सगळ्या गावाला ऐकू येतोय. नगारखान्याच्या खिडकीतून एसटीचा रस्ता दिसतो. सनई वाजवत मी त्या रस्त्याकडं बघत होतो, कुणी निरोप घेऊन धावत येतंय का.

पालखी पिंपळाच्या पारापाशी असताना रसवंतीवाल्यानं त्याच तारेवरून मोटर चालू केली असावी. दिवा पिवळा पडला, टेप मंदावला आणि सूर खाली बसायला लागला. ओठातली पत्ती सैल सोडत सोडत मीही सनई उतरवत नेली, सुराच्या मागं मागं, आणि वीज सावरली तसा पुन्हा चढलो. कुणाला काही कळलं नाही. खाली गुलाल उधळत होता. पालखी गाभाऱ्यात शिरली आणि मी टेप बंद केला. देवळाच्या पंचांतले, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार सगळ्यांत आधी वर आले. डोळे पुसत म्हणाले, "आबाच बसल्यागत वाटलं रं गड्या. लय झ्याक!"

तशाच गुलालाच्या अंगानं मी मिरज गाठली. तुम्ही खाटेवर बसून पेज पीत होतात. मला बघून पहिलं काय विचारलंत?

"सूर?"

"न्हाई तुटला."

तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि दोन्ही हात जोडलेत. देवीला की मला, ते मी विचारलं नाही.

तुम्ही बरे होऊन घरी आलात. पहिल्यासारखे नाही, पण पावसाळ्यानंतर हिंडूफिरू लागलात. हिवाळ्यात परसातून पपईचा देठ आणि तांब्या पुन्हा निघाला. आईनं मला सांगितलं, "रोज सकाळी फुकत्यात. औंदा बसायचं म्हंत्यात." मी सांगलीहून आलो की चोरून ऐकायचो. बुडबुडे चालायचे, चालायचे, मग मध्येच थांबायचे आणि खोकला. पुढच्या खेपेला जरा जास्त चालायचे. पण थांबायचे.

यात्रेच्या आठवडाभर आधी तुम्ही ओसरीत सुराची सनई फडक्यानं पुसत बसला होतात. मी समोर येऊन उभा राहिलो आणि खाली बघून म्हणालो, "आबा, पंचांचं म्हननं हाय, औंदा बी टेपच लावा. टेपला खोकला येत न्हाई म्हंत्यात."

तुमचा हात फडक्यावर थांबला. म्हणालात, "असं म्हनलं व्हय? बरं. देवीला चालतंय न्हवं, मग झालं." सनई त्याच फडक्यात गुंडाळून तुम्ही फळीवर ठेवलीत. त्या वर्षी तुम्ही खाली पटांगणात लोकांत बसलात, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याच्या पुढच्या वर्षीही, त्याच्याही पुढच्या. मी वरून बघायचो. सुभेदार समोरून गेले की तुम्ही मान दुसरीकडं वळवायचात. एके काळी एका ताटात जेवलेली तुम्ही दोघं माणसं. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला ते आले तेव्हा आई त्यांच्याशी बोलली नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "माझं काय चुकलं रं?" मी खांदा बदलून घेतला.

सुभेदारही आता नाहीत, आईही नाही. हे कागद मी उद्या कपाटात ठेवीन, नाहीतर फाडीन, अजून ठरलेलं नाही. तुमच्या देखत हे बोलायचा धीर मला झाला नसता, म्हणून लिहितोय. पंच काही म्हणाले नव्हते, आबा. त्या वर्षी सुभेदार सांगलीला माझ्या दुकानात मुद्दाम आले होते. "आबा वर चढंल न्हवं? जिना अवघड जातोय, चार पोरं लावून खुर्चीतनं नेतो. खोकला आला तर आला, देवी काय परकी हाय व्हय?" असं म्हणाले होते. नको म्हणणारा मी होतो. खोकल्याचं ते वाक्यही माझंच.