शिवाचं मागणं

वरसे, १२ जानेवारी १९६४

ती. दादांस,
चंद्रावतीचा शि. सा. न. वि. वि.

हायकोर्टानं शिवाची फाशी कायम केली, माझ्या पुसलेल्या कुंकवाला न्याय मिळाला, असं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही. बांधावरून शिवा आणि हे भांडले, ते साऱ्या वरशानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी हे शेतात मरून पडलेले, शेजारी शिवाचा कोयता. एवढंच ना?

मामी गेल्यावर आईनं तिच्या शिवाला आपल्यातच वाढवला. मिठागरावर आपण तिघं कैऱ्या न्यायचो, ढिगातलं जाडं मीठ लावून खायचो. माझा पाय कापला तेव्हा त्यानंच मला पाठुंगळी घरी आणलं. गो चंदे, रडू नको म्हणत स्वतःच वाटभर रडला. कोर्टात तो एकच सांगत राहिला, मी नाय मारलं. माझा विश्वास आहे.

दयेच्या अर्जावर मी सही करते आहे. तुम्हीही करा. वहिनींना नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
चंद्रावती


पेण, २० जानेवारी १९६४

चि. चंद्रावतीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. मिठागर मीही विसरलो नाही. कैऱ्या मी चोरायचो, मार शिवा खायचा. पण खुनाला फाशी नसेल तर उद्या कुणीही कोयता उचलेल. हैबतरावांसारखा नवरा गेला आणि तूच पदर पसरतेस! मी सही करणार नाही. तुला अडवणारही नाही.

वहिनीनं पोह्याचे पापड दिलेत, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवतो. तब्येतीला जप, दादाची आठवण ठेव.

तुझा दादा,
कमळाकर


पेण, ५ फेब्रुवारी १९६७

चि. चंद्रावतीस अ. उ. आ.

काल शिवाला तुरुंगातून घरी आणलं. तुझ्या अर्जानं फाशीची जन्मठेप झाली, म्हणून आणायला माणूस तरी उरला. दुसऱ्या खुनात धरलेल्या त्या पोपट नावाच्या माणसानं, बांधावर राहिलेला शिवाचा कोयता उचलून हैबतरावांनाही मारल्याचं कबूल केलं, त्यांचं घड्याळ त्याच्याकडेच सापडलं, हे तुला ठाऊकच आहे. आता त्याला फाशी सुनावली आहे.

शिवाचे केस पार पिकलेत. जेवताना मी म्हणालो, या वेळी तरी खरा खुनी लटकेल. त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, त्यालाबी फाशी नको. वाळूचं पोतं बांधून दोर तपासतात, तो आवाज त्यानं कोठडीतून ऐकला होता. तसा कुणाच्याच कानी पडू नये म्हणतो. पोपटासाठीही चंदीनं अर्ज करावा, एवढंच त्याचं मागणं आहे. तिलाच विचारतो, म्हणालो. तुझं उत्तर कळव. आमच्यावर जीव आहे तो असू दे.

कमळाकर


वरसे, ९ फेब्रुवारी १९६७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

शिवा घरी आला, हे वाचून पत्र उराशी धरलं. पुढचं वाचलं आणि संताप आला. शिवानं मारलं नव्हतं, म्हणून मी पदर पसरला. पोपटानं मारलंय. त्याचं नाव ऐकलं की मनात येतं, लटकवा मेल्याला. तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, ते आता कळतंय.

रविवारच्या पहिल्या गाडीनं येते. सही होईल की नाही, मलाच ठाऊक नाही. पण फाशीच्या कोठडीतून परत आलेल्याला मी पत्रातून नाही म्हणणार नाही. त्याला चुलीपाशी बसवा, पोटभर खाऊ घाला, आणि सांगा, चंदी भांडायला येतेय.

तुमचीच,
चंद्रावती