वळणावर गप्प

१४ नोव्हें.
काल रात्री गाडीत मी मुद्दाम गप्प बसले, म्हणून गाडी शेतात गेली. कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

ह्यांना अंधारात दिसत नाही, याला दोन वर्षं झाली. घरात माहीत फक्त मला. खानापूरच्या शेतावरून बेळगावला परतताना शेजारी बसून रस्ता मी सांगते. डावं. उजवं. पुढं उसाची ट्रॉली, मागं दिवा नाही. हे तसं चाक फिरवतात आणि घरी उतरल्यावर शेजाऱ्यांना ऐकवतात, "हा रस्ता मी केलाय. डोळे झाकून येतो." ओव्हरसियर होते, रस्ता त्यांनीच केला. त्याचा नकाशा अजून कपाटात जपलाय. डोळे झाकून येतात, हेही खरं.

१५ नोव्हें.
लिहायचं तर पुरतं. जागा मी निवडली होती. दरी नाही, ओढा नाही. कापणी झालेलं भाताचं शेत, बांध गुडघ्याएवढा. दोघांचे पट्टे तपासले. वेग जेमतेम पंचवीस. वळण आलं, मग तोंड मिटलं.
"अगं, बोल की!" म्हणाले. मग धक्का.
बंपर आणि एक दिवा फुटला, ह्यांचं उजवं मनगट मुरगळलं. माझ्या कपाळाला टेंगूळ.
शेतवाला बॅटरी घेऊन आला. "अण्णा, रस्ता तुमीच केलासा न्हवं? मग माझ्या रानात कशाला आलासा?" जमलेले हसले. मीही हसले. बॅटरीच्या उजेडात ह्यांना तेवढं बरोबर दिसलं.

१६ नोव्हें.
का केलं? शनिवारी नात येते आहे. अवनी, आठ वर्षांची. मळणी दाखवून रात्री परत आणतो, असं ह्यांनी फोनवर कबूल केलंय. तिची अट: "पुढं मी बसणार, आजी मागं." मग वळणं कोण सांगणार?
डॉक्टरांनी रात्रीची गाडी बंद करा म्हणून लिहून दिलं होतं. कागद ह्यांनी फाडला. वर्षभर विनवण्या केल्या. आता नाही.

१८ नोव्हें.
ह्यांची बहीण आक्का बघायला आली. हे म्हणाले, "समोरून कुणीतरी फुल लाईट मारली."
मी वाढता वाढता, "समोर कुणीच नव्हतं."
आक्का, "मग भूत आलतं व्हय रं?"
हे ताटावरून उठले. मी ताट उचललं. पुन्हा वाढलं नाही.

२० नोव्हें.
गाडी दुरुस्त होऊन आली. मी ह्यांच्याकडे किल्ली मागितली. "एका हातानं चालवतो," म्हणाले. मी म्हटलं, "चालवा. अवनीच्या आईला आत्ताच फोन करून सांगते, सासऱ्यांना काय दिसतं ते." नंबर लावायला घेतला. खुर्चीत बसले. मला दया आली नाही. यायला हवी होती का, ठाऊक नाही.

२१ नोव्हें.
उद्या अवनी.
संध्याकाळी ह्यांनी हाक मारली. "बांध तुला दिसला होता ना?"
"किल्ली द्या."
दिली. मी पदराला बांधली.

मिळालं ते:
किल्ली, एक. (दुसरी शेतावर राहिली म्हणतात. ठावठिकाणा सांगत नाहीत.)
लायसन्स.
न मागता, रस्त्याचा नकाशा. त्यावर एकाच वळणाभोवती पेन्सिलीचा ताजा गोल. वाकडा, डाव्या हातानं काढलेला. वळण तेच, मी निवडलेलं.