शिंगातली दारू

इंदूर, कृष्णपुरा
ता. ४ डिसेंबर १९५३

तीर्थस्वरूप गं. भा. अक्का यांच्या चरणी मालोजीचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात आगीचे लिहिलेच होते. शेजारच्या हलवायाच्या भट्टीची ठिणगी आपल्या माळ्यावर आली आणि चि. प्रतापरावाच्या दोन्ही खोल्या छपराच्या कवेलूंसकट खाली बसल्या. माणसे वाचली. मुलाने घराचा आगीचा विमा उतरवला आहे, काळजी नको, असा धीर मीच तुला दिला होता. आता तू मला दे. कंपनीने क्लेम नामंजूर केला.

कारण ऐक. त्यांचा सर्व्हेअर पाहणीला आला आणि खालच्या बैठकीत बसला. भिंतीवर पणजोबांची तलवार आणि बंदुकीच्या दारूचे शिंग पाहून त्याने विचारले, हे काय आहे. पोरगा अदबीने विचारतो म्हणून मी चहा मागवला आणि सगळे सांगितले. होळकरांच्या फौजेतले पणजोबा, महिदपूरच्या लढाईतून आणलेले भरलेले शिंग, तोंडाला मेण, ते कधी उघडायचे नाही, दसऱ्याला फक्त हळदकुंकू वाहायचे. ठिणगी पडली तर आजही बार होईल, असेही म्हणालो. तो लिहून घेत होता. मला वाटले, कौतुकाने लिहितो आहे. आता कंपनी म्हणते, घरात स्फोटक माल ठेवून तुम्ही विम्याची अट मोडलीत.

आग माळ्यावर, शिंग बैठकीत. त्याला धूरसुद्धा लागला नाही. तसे मी कळवले, तर अट ती अट, असे उत्तर आले. प्रतापराव माझ्याशी बोलत नाही, सूनबाईकडून निरोप धाडतो. क्लेम बुडाला तर समोरच्या शेटजींना घर विकून भाड्याने राहायचे, हा त्याचा निरोप. शिंग रिकामे आहे असे लिहून द्या, हा दुसरा. पणजोबांचे शिंग मी रिकामे म्हणू? त्यापेक्षा दिल्लीपर्यंत भांडेन. पण जेवण जात नाही.

सल्ला लवकर धाडावा, थोरलीची माया असू द्यावी.
तुझा मालोजी


देवास
ता. ९ डिसेंबर

चि. मालोजीस सखुबाईचे अनेक आशीर्वाद. मी सांगते आहे, नात बेबी लिहिते आहे. ती मधेच हसते, तेव्हा अक्षर वाकडे आले तर चालवून घे.

अरे, त्या शिंगात दारू नाहीच. तू रांगत होतास तेव्हा चुलीतले जळते लाकूड ओढत एकदा थेट बैठकीत गेलास. आबा नोकरीवर परगावी होते. आईने त्याच दिवशी मेण काढले, दारू नदीत सोडून आली, आणि वजन तेवढेच राहावे म्हणून करवंटीच्या कोळशाचे मंजन भरले. आपण दात घासायचो तेच. मेण मी वितळवून दिले. आबांना सांगायची हिंमत कुणाची? आईने पुढे तुझ्या बायकोला सांगितले, तिने तुझ्या सुनेला, इंदिरेला. दसऱ्याला तुम्ही पुरुष त्याच्यापुढे हात जोडता तेव्हा आम्ही बायका आत तोंडाला पदर लावतो. मला वाटले, एवढ्या वर्षांत तुला कुणी सांगितले असेल. लढाईतून शिंग भरलेलेच परत आले तर पणजोबांनी तिथे बार काढले तरी किती, असेही आई विचारायची.

ते शिंग कंपनीच्या साहेबासमोर उघड. इंदिरेवर रागावू नकोस, सासऱ्याच्या तोंडावर ती काय बोलणार. पणजोबांचे नाव जात नाही. आणि गेले तरी त्यांना आता डोक्यावर कवेलू लागत नाहीत.

पोटभर जेवत जा, म्हातारीवर जीव असू दे.
सखुबाई


इंदूर
ता. १५ डिसेंबर

ती. अक्कांस सा. न. वि. वि.

तुझे वय झाले, तुला भलते आठवते. सूनबाईला विचारले, तर तिने खाली पाहिले आणि चहा गरम आहे म्हणाली.

मी शिंग उघडलेले नाही. आत दारू निघाली तर घर गेले. मंजन निघाले तर सत्तरीला आलेला मी आजवर कशापुढे हात जोडत होतो? काल प्रतापराव शेटजींना घर दाखवायला घेऊन आला. शेटजी हाताच्या वितीने दार मोजू लागले. मला न विचारता. मी म्हटले, दार मोजायचे तर आधी चपला बाहेर काढा. प्रतापरावाला राग आला. येऊ दे.

उद्या कंपनीच्या दफ्तरात जातो. आशीर्वाद पाठीशी असू दे.
मालोजी


इंदूर
ता. २० जानेवारी १९५४

तीर्थस्वरूप अक्कांच्या चरणी मालोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

क्लेम मंजूर झाला, कंपनीचे पत्र आज आले. आता दफ्तरात गेलो त्या दिवशीचे लिहितो. तोवर काही धड नव्हते म्हणून लिहिले नाही.

पगडी घालून गेलो. शिंग टेबलावर ठेवले, तसे मॅनेजरसाहेब खुर्चीसकट मागे सरले. बाबूजी, यहाँ मत खोलिए, असे दोनदा म्हणाले. कारकून दाराशी जाऊन उभे राहिले. मी म्हटले, माझे घर या शिंगावर अडले आहे, इथेच उघडणार. चाकूने मेण काढले आणि त्यांच्या टिपकागदावर ओतले. काळी भुकटी. साहेब म्हणाले, बारूदच दिसते आहे. तेव्हा, अक्का, मी बोटावर घेऊन उरलेले चार दात त्यांच्यासमोर घासले. खारट लागले. आईच मंजनात मीठ घालायची. कारकून हसू लागले. मी म्हटले, हसा भिया लोक, पण हसता हसता लिहूनही घ्या.

मग साहेब म्हणाले, आपण सर्व्हेअरला खोटे सांगितले असा माफीनामा द्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य कचेरीला पाठवतो. मी साफ नाही म्हटले. बापाने सांगितले ते मी सांगितले, त्यात खोटे काय? कागद मागितला आणि माझ्या हाताने लिहिले, की शिंगातली दारू आमच्या आईने मी रांगत होतो तेव्हाच काढून टाकली, हे आम्हा वाघमोड्यांच्या घरातल्या सर्व बायकांना माहीत होते, पुरुषांना नव्हते. खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचले आणि तसेच मुंबईला धाडले.

प्रतापरावाने शेटजींना नकार कळवला. माळ्याचे लाकूड आले आहे. सूनबाईची माफी मागितली, तर ती म्हणाली, मामंजी, आता दसऱ्याला आम्ही हसायचे कसे?

छप्पर चढले की तू आणि बेबी राहायला या. भावावर अशीच माया ठेव.
तुझा मालोजी