आखाजीला माझी मी

२ फेब्रुवारी
आई न्हाणीत घसरून पडली, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावरही लगेच जाता आलं नाही. ह्यांची पपईची गाडी भरायची होती, माहेरून दादाला न्यायला यायला सवड नव्हती, आणि बसने जायचं तर कोरीटहून नंदुरबार, तिथून पुन्हा धानोऱ्याची बस. पोचले तोवर पायाची सूज उतरली होती. आई एवढंच म्हणाली, "उनी का माय तू?" फार लागलं मला ते.

ठरवलं. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं ते स्वतः गाडी चालवत. स्कूटी दारात आहेच. पोरगी नाशिकला शिकायला गेल्यापासून गाडीवर कोंबड्या बसतात.

५ फेब्रु.
सकाळी स्वयंपाकाआधी शेतरस्त्यावर सराव. गुरू हेच. शिकवणं कमी, ओरडणं जास्त. "ब्रेक दाब! ब्रेक!" मी पिळला तो ॲक्सिलरेटर. बांधावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता म्हणून वाचले. माझ्या केसांतून काड्या काढत सासूबाई म्हणाल्या, "हाडं मोडी लेशी, मंग आखाजी कोन करी?"
उद्या पुन्हा.

१८ फेब्रु.
सराव बंद. घरात सांगितलंय, मिरच्या वाळत घातल्यात, वेळ नाही. इथे तरी खरं लिहावं. परवा उसाचा ट्रॅक्टर अगदी जवळून गेला, तेव्हापासून चावीला हात लावलेला नाही.

१ मार्च
पुन्हा सुरू. एकटीच. ह्यांना म्हटलं, तुम्ही लांब उभे राहा. कुणी ओरडत नसलं की गाडी बरी चालते. लर्निंग लायसन मिळालं. फोटोत मी चोर दिसते.

होळीनंतर
गावभर झालंच. पारावरून आवाज आला, "वहिनी इमान उडावाले शिकी ऱ्हायनी!" हसा म्हटलं. त्यांच्याच समोरून गाडी नेली.

९ एप्रिल
पक्कं लायसन. येताना नंदुरबारच्या बाजारातून गाडी काढली. कुणाच्या हातगाडीला लागली नाही, हेच पुष्कळ.

१२ एप्रिल
घोटाळा केला. आनंदाच्या भरात आईला फोनवर सांगून टाकलं, यंदा न्यायला मुराळी पाठवू नको, माझी मी येते. तर म्हणाली, "मुराळीबिगर कशी येशी? भाऊ शे ना तुले. लोके म्हनतीन, पोरले लेवाले कोनी ऱ्हायनं नही." आणि रडली. पाय सुजला होता तेव्हा रडली नव्हती.
भावाने न्यायला येणं म्हणजे तिच्या लेखी माझा मान. मला सुचलंच नाही. दिवसभर कशात लक्ष नाही.

१४ एप्रिल
दादाचा फोन. "मन्हं काही चुकनं का?" नाही रे बाबा. ये तू न्यायला, म्हटलं.
फोन ठेवून स्कूटी पुसली. कशाला पुसली कोण जाणे.

आखाजीचा आदला दिवस
दादा आला. मोटारसायकल, पांढरी टोपी, आईने दिलेल्या सांजोऱ्या. चहा झाला, घागरीच्या पूजेचं सासूबाईंनी स्वतःवर घेतलं. दादा ओट्यावर उभा राहून म्हणाला, "चाल, बस मांगे."
पिशवी माझ्या हातात, चावी पदराच्या गाठीत.
"तू उना म्हनूनच निंघनू," मी म्हटलं. "मुराळी तूच. पन गाडी मी चालाडसू. तू बस मांगे."
"आनि मन्ही गाडी?"
"माले सोडाले येशीच ना. तवय लई जा."
हे खोकल्याचं निमित्त करून आत पळाले. दादाने टोपी काढली, पुन्हा घातली. "धानोराना लोके देखतीन."
"देखू दे. आई बी देखी."
आता तो स्कूटीभोवती फिरतोय, टायर दाबून बघतोय. पाणी पिते सांगून आत आले नि हे घाईत लिहितेय. माझी चावी देणार नाही. त्याच्याशिवाय जाणारही नाही.
दादासाठी पोरीचं हेल्मेट मागच्या सीटवर ठेवून आलेय. खिडकीतून दिसतंय, अजून तिथेच आहे.