पासपोर्टातला वाय

३ जानेवारी
आचल परत आली! दोन महिने जिवतीला माहेरी होती. कारण एकच, मी तिचे बोलणे सुधारतो. आमचे मालक बापूरावभाऊ यांच्या कृषी केंद्राला बियाणे कंपनीकडून फुकेतची सहल लागली. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही नवराबायको जाणार. फुकेत हे बेट आहे. बेटावरून माहेरी जाता येत नाही. संसार सावरला.

२१ जानेवारी
पासपोर्ट आले. आचलचा बिनचूक. माझ्यात जन्मस्थान आरमोरी, पण शेवटी आयच्या जागी वाय! अर्ज मी स्वतः भरला होता. म्हणजे चूक कॉम्प्युटरची.
कॉन्व्हेंटात शिकवणारा गोपाल म्हणाला, "वाय लावला तं इंग्रजीत हत्यारखाना होते बे श्रावण्या! गडचिरोलीचा माणूस, जन्म हत्यारखान्यात. तिकडचे पोलीस तुले सोडत नाई!" खूप हसला. मी जेवलो नाही.

२२ जानेवारी, पहाटे ५
दुरुस्ती म्हणजे नवीन पासपोर्ट. निघायला नऊ दिवस. आचलला सांगणे धोक्याचे. म्हणेल, लोकाईच्या चुका काढता, आन् आपली?

२३ जानेवारी
काम फत्ते. वायचे दोन्ही हात ब्लेडने खरवडले, मधली काडी काळ्या पेनने वर नेली. वरचे प्लास्टिक थोडे उचकटले, डिंकाने बसवले. छापल्यापेक्षा सुबक. दहावी नापास असलो तरी अक्षराला गुरुजी नेहमी शाबासकी देत.

३१ जानेवारी, नागपूर
बसमध्ये आचल म्हणाली, "समुद्रात माहा हात धरजा जी, मले भेव लागते." माहा नव्हे, माझा. पण बोललो नाही. मी बदललो आहे.

१ फेब्रुवारी, मुंबई विमानतळ
इमिग्रेशनच्या साहेबांनी पान तिरपे धरले. बोट फिरवले. वाटले, अक्षर आवडले. कोणी केले, विचारले. मी म्हणालो, मीच, अशुद्ध होते, शुद्ध केले.
पासपोर्ट जप्त. तीन तास जबाब. जबाबातल्या दोन चुका दाखवल्या, साहेब आणखी चिडले.
आचलला म्हणाले, तुम्ही जाऊ शकता. मला खात्री होती, ती थांबेल. ती म्हणाली, "एक अक्षर तं होतं. राहू द्याचं होतं नं!" कंपनीच्या मंडळींबरोबर गेली. मागे पाहिले नाही. गर्दी असावी.

३ फेब्रुवारी, आरमोरी
बापूरावभाऊ म्हणाले, "तुले धाडण्यापरीस माहे गुडघेच धाडाले पाह्यजे होते." आचलला तेरा फोन केले. बेटावर रेंज नसावी.

५ फेब्रुवारी
आचलचा मेसेज आला: "इथी कोनी टोकत नाई. मोकळं वाटून राह्यलं. परवा नागपुरावरून सीधी जिवतीले जातो. घरी येत नाई."
तीनदा वाचला. जातो नव्हे, जाते. आणि 'नाई' हा शब्द शुद्ध मराठीत नाही, त्यामुळे हा नकार पक्का धरता येत नाही. तिला तसे कळवले. दोन निळ्या खुणा आल्या.

८ फेब्रुवारी
अजून उत्तर नाई.