उगवतीकडून दोन नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार
आणि मी काय इथं पतंग उडवायला आलोय का? आबांचं परत तेच. "माकडावानी खांबावर चढतोस, त्यापेक्षा घरची गिरणी बघ." म्हटलं, अजून हेल्पर आहे, महिनाअखेर रिगर होतो, ठेकेदार कार्ड देणार आहे.
"रिगर म्हंजे?"
"वर चढून मोबाईल नेटवर्कचे डबे बसवतो तो."
"मग आत्ता काय करतोस?"
"खालून दोर ओढतो."
आबा हसले. फोन कट केला मी. बरोबर केलं.
त्यांचा गुडघा गेलाय, ते खरंय. पण गिरणी म्हणजे जन्मभर पिठात पांढरं. तीस तारखेची मुदत दिलीय त्यांनी. तोवर कार्ड नाही तर परभणीची गाडी.

५ नोव्हें.
नवी मुंबईत सीवूड्सची सोसायटी. एका बिल्डिंगच्या गच्चीवर तीन खांब, तीन बाजूंना तोंड. उरलेल्या बिल्डिंगा ज्या बाजूला, तिकडं गर्दी फार, संध्याकाळी नेट बसतं. म्हणून तिकडं अजून एक कॅरियर टाकायचा. नवा डबा, नवी अँटेना. टेस्टिंगच्या मॅडम गणीभाईला समजावत होत्या, रस्त्याला लेन वाढवल्यासारखं असतं. गणीभाई रिगर, वीस वर्षं हेच करतोय. गुमान मान हलवत राहिला.
सेक्रेटरी काका गच्चीची चावी देईनात. "आमच्याकडे तोंड नको त्या डब्याचं. रेडिएशन."
गणीभाई: "फिर नेटवर्क किसको चाहिए?"
"आम्हालाच! तोंड तिकडे करा, नेटवर्क इकडे द्या."
नोकरीत असताना इंजिनियर होते म्हणे. दिवस फुकट.

६ नोव्हें.
आबांना काम समजावलं. गिरणीत एक चक्की असली की रांग लागते. दुसरी बसवली की रांग निम्मी. तसं. एका दमात समजले! मॅडमपेक्षा मी बरं सांगितलं. आबा: "मग इथंच येऊन बसव की दुसरी चक्की."
डोकंच फिरलं.

८ नोव्हें., शनिवार
चावी मिळाली. पण काकांच्या सहीसाठी गणीभाई खालीच अडकला. फोनवर म्हणाला, "दो नंबर के खंबे पे लगा दे. बेल्ट बांध के."
मी! एकटा! बेल्टचा हूक दोनदा अडकवून बघितला. डबा, अँटेना, केबल, सगळं एकट्यानं. बोल्ट असे आवळले की वारं आलं तरी विचारून येईल. ऑफिसला पाठवायचे फोटो काढले आणि एक स्वतःचा. आबांना पाठवला. निळी टिक आली.

११ नोव्हें.
बोंबललं. कॅरियर चालू झालाय, पण सोसायटीत नेट होतं तसंच. मॅडम दिवसभर लॅपटॉप घेऊन गाडीत फिरल्या. नवा कॅरियर रिकामा पडलाय. चार-पाच फोन फक्त, तेही खाडीत. "खाडीत व्हिडिओ कोण बघतंय? फ्लेमिंगो?"
सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो. खोलीवर आल्यावर शनिवारचे फोटो परत उघडून बघितले. माझा दोन नंबर…

१२ नोव्हें.
गणीभाईला सहज म्हणून विचारलं, भाई, एक नंबर कुठला धरतात?
"उत्तर. फिर घड़ी के जैसा घूम."
सगळीकडं उत्तरेपासूनच मोजतात म्हणे. मी उगवतीपासून मोजलं. आमच्याकडं वावर असो, घर असो, पहिलं ते उगवतीकडचं. उगवतीकडचा खांब खरा दोन नंबर, तो मी एक धरला, म्हणून माझा दोन नंबर थेट खाडीकडं. बिल्डिंगा कुठल्या बाजूला ते बघितलंच नाही, नुसता नंबर धरला. सगळा नवा कॅरियर मी चिखलाला दिला!
गणीभाईला खरं सांगितलं. डोक्याला हात लावला त्यानं. मग हळूच, "चुप बैठ. बोलेंगे नक्शा गलत था."
पण नकाशा मॅडमनी काढलाय. गप्प बसलो तर त्यांच्यावर जाणार. बोललो तर कार्ड गेलं, गिरणी आली.

१३ नोव्हें.
बोललो.
मॅडम: "उगवतीकडून? अरे, फोनमध्ये होकायंत्र असतं."
म्हटलं, "असतं मॅडम, पण सूर्य समोरच होता."
इतक्या हसल्या की चहा सांडला. ठेकेदार नाही हसला. "उद्याची हजेरी नाही तुझी. फुकट काढ, फुकट लाव. कार्डाचं मग बघू."

१४ नोव्हें.
गेटवर करावे गावचे एक नाखवा, हातात पिशवी. "कोन रं तो डबा लावनारा?"
म्हटलं, आज मार. पिशवीत कोलंबी होती. होडीतून पहिल्यांदाच पोरीशी व्हिडिओवर बोलले, तिला खाडीपलीकडं मोऱ्याला दिलीय. डबा काढायला आलोय म्हटल्यावर चेहराच पडला. "कशाला काढतंस? बरा हाय तिथं."
काका नाकाला रुमाल लावून: "अहो, नेटवर्क आमच्या सोसायटीसाठी आहे."
"आनि सोसायटी आमच्या शेतावर हाय."
मधे मी, कोलंबी धरून.
तरी काढावंच लागलं. गणीभाईनं दोर धरला, मी चढलो. या वेळी आधी फोनवर उत्तर बघितली, तीनदा. मॅडम नाखव्यांना म्हणाल्या, खाडीच्या बाजूलाही एक मागते, वर लिहिते. नाखवा म्हणाले, "लिवा. आमी लय लिवलेलं बघितलंय." आणि गेले. वाईट वाटलं. कोलंबी मात्र परत घेतली नाही. गणीभाईनं झणझणीत केली, दोघांच्याही डोळ्यांत पाणी.

१८ नोव्हें.
मॅडमचा रिपोर्ट आला. सोसायटीत नेट सुसाट. काकांचा मेसेज: "डब्याचे तोंड किंचित फिरवता येईल का?"

२९ नोव्हें., शनिवार
उद्या तीस. ठेकेदाराला कार्डाचं विचारलं. "पुढची साइट खारघरला. एकटा लाव. पास झाली तर कार्ड, नाहीतर राम राम." कधी? "डिसेंबर संपता संपता."
आबांना फोन केला. सगळं सांगितलं, चूक केली तीपण. आबा म्हणाले, "पण उगवतीकडूनच मोजतात की."
"हो आबा."
"उद्या तीस हाय."
एक महिना मागितला. "गुडघा देईना," म्हणाले. म्हटलं, महिनाभर शेजारच्या सोपानला गिरणीवर ठेवा, त्याचा पगार मी देतो.
"आन् महिन्यानं?"
मी विषयच बदलला.
"सोपान किती घेईल?"
"आठ मागंल."
"सात म्हणा."
"सातवर येत नसतो तो."
हो म्हणाले नाहीत. नाहीपण म्हणाले नाहीत. नुसता गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज, मग फोन ठेवला.
पाठवतोय: साडेसात हजार.