अंड्यांच्या गाडीचे दिवे

३ ऑक्टोबर

नाही विकायची! — आणि का नाही, तेही सांगितलं. चहा गार होईपर्यंत सांगितलं. तरी दिराचं आपलं तेच पालुपद. "वहिनी, भंगार आहे ते. चांगलं गिऱ्हाईक आलंय. दादा गेला, आता कुणासाठी ठेवायची?" कुणासाठी म्हणजे? पहाटे बेकऱ्यांना अंडी कोण पोचवतं? कोंबड्या स्वतः चालत जातात का?

गिऱ्हाईक म्हणजे शौकीन माणूस. जुन्या गाड्या गोळा करतो, दारात उभ्या करतो आणि बघत बसतो. कामधंदा नसावा. आमच्या पिकअपभोवती असा फिरला जसा मुलगी बघायला आलाय. बॉनेटवरून हात फिरवला. दिव्यांच्या काचेवर टिचकी मारली. म्हणाला, "सगळं असली आहे. एक स्क्रूसुद्धा बदलू नका. बदललात की मला नको."

अस्सं?

५ ऑक्टोबर

गाडी गेली तर मी काय करणार — धाकट्या जावेच्या स्वयंपाकघरात लसूण सोलणार. ती म्हणालीच, "ताई, आता आराम करा." तिचा आराम मला ठाऊक आहे. कोपऱ्यात स्टूल, मांडीवर सूप, आणि घरात कुणी आलं की "या आमच्या मोठ्या जाऊबाई" म्हणून दाखवायला.

हे गेले तेव्हा सगळे रडले. मी गाडी शिकले. लोक म्हणाले, बाई दगड आहे. असू दे.

६ ऑक्टोबर

दिवे तसेही बदलायलाच हवेत. कसले ते दिवे! चिमणी बरी. काल पहाटे वळणावरचा दगड दिसलाच नाही, चाक घासून गेलं. स्वस्तातले एलईडी लावायचे. रस्ता दिसेल आणि शौकीनही पळेल. गाडी मग घरची राहिली.

मलाच हसू आलं.

१० ऑक्टोबर

चष्म्या आला. गाड्यांचं वायरिंग करतो, चौकात टपरी आहे. चष्मा बाटलीच्या बुडासारखा. म्हटलं, "अरे, आधी तुझ्या चष्म्याला दिवे लाव." म्हणाला, "मावशी, त्याला बॅटरी पुरत नाही." हजरजबाबी आहे मेला.

दिवसभर गाडीच्या तोंडात डोकं घालून होता. नवा बल्ब जुन्या जागी बसेना — मागे इवलासा पंखा असतो त्याला, गार राहायला! रबराची टोपी कापून भोक पाडलं, तेव्हा बसला. मग एक दिवा लागेना. मला वाटलं, गेला कामातून. याने काढून उलटा बसवला — लख्ख! म्हणे यात उलटं-सुलटं असतं, जुन्या बल्बात नसतं. म्हटलं, "आमचे हे जुन्या बल्बासारखे. कसेही फिरवा, उजेड तेवढाच." इतका हसला की हातातला टेस्टर पडला.

मग इंडिकेटर. फडफड फडफड, पिसाळल्यासारखे. चष्म्या म्हणाला, "मावशी, हे वीज कमी खातात ना. त्यांची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब मेला."

कमी खाल्लं, आवाज केला नाही, की मेलेलंच समजतात. हे मला फ्लॅशरने सांगायला नको. मी या घरात राहते.

त्याने फ्लॅशरही बदलला. आता शहाण्यासारखे लागतात.

११ ऑक्टोबर

संध्याकाळी दिव्यांचा नेम धरला. बघण्यासारखं काम! गाडी भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर खडूने रेघ मारायची, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेखाली ठेवायची. कड वर गेली की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. भिंत कुणाची? दिराच्या खोलीची! मुद्दाम. नवा रंग दिलाय त्यांनी. खिडकीतून ओरडले, "वहिनी, हा काय सिनेमा?" म्हटलं, "पडदा तुमचा, म्हणून तिकीट माफ."

चष्म्याची रीत अशी — जो चालवणार त्याला सीटवर बसवतो. स्वतः दिव्यापुढे उकिडवा बसतो, भिंतीकडे पाठ, हातात स्क्रू-ड्रायव्हर. "ज्याने चालवायची त्याच्याच डोळ्याने लावायचे, मावशी. बोला, कड कुठं आहे?"

"खाली आहे. वर घे."

"आता?"

"अजून घे."

"रेघ दिसतेय ना नीट?"

"दिसतेय रे बाबा! म्हातारी समजलास का मला?"

"नाही हो. तरुण पोरी एवढ्या भांडत नाहीत."

अजून जरा वर घ्यायला लावलं. मग म्हटलं, बस्स.

१२ ऑक्टोबर

शौकीन आला. दिवे बघितले. कुणीतरी मेल्यासारखा चेहरा करून गेला. जाऊ म्हणाली, "ताईंनी मुद्दाम केलं."

केलं.

१५ ऑक्टोबर

उजेड भरपूर आहे, पांढराशुभ्र. रस्ता तेवढा अजून धुरकट. पुढची काच घासलीय, ती बदलायला हवी. समोरून येणारे सगळे हॉर्न मारतात. जळतात मेले.

१८ ऑक्टोबर

दीर पडले.

रात्रपाळी करून मोटारसायकलवर परत येत होते. मी अंडी घेऊन निघालेली. वळणावर समोरासमोर. काहीतरी फरफटल्याचा आवाज आला, एवढंच मला कळलं. थांबले. उतरले. रस्त्याकडेच्या चरात कुणीतरी कण्हत होतं. "कोण आंधळा आहे रे—" मग मला बघून, "वहिनी? तुम्ही?"

अंड्यांचे ट्रे रस्त्याकडेला फेकले. त्यांना मागे आडवं घातलं. दवाखान्यापर्यंत "आई गं, आई गं" चाललं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. मी म्हटलं, "बघा, भंगार कामाला आलं की नाही?"

जिभेला हाड नाही माझ्या.

२० ऑक्टोबर

पाय गुडघ्याखाली मोडलाय. आत सळई घातली. डॉक्टर म्हणतात, थोडं लंगडतील. थोडं म्हणजे किती, ते नाही सांगत.

दीर म्हणाले, "डोळ्यांत सूर्यच घुसला, वहिनी. रस्ताच गेला. तुमचा काही दोष नाही. त्या चष्म्याचा आहे. स्वस्तातला माल, आणि लावणारा आंधळा!" जावेने माझा हात धरला. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पहिल्यांदा. "ताई, तुम्ही तरी काय करणार?"



२३ ऑक्टोबर

चौकातून आले. टेम्पोवाले पलीकडच्या वायरिंगवाल्याकडे रांग लावून उभे. चष्म्याच्या टपरीपुढे कुत्रं झोपलेलं. फळीवर कोळशाने काहीतरी खरडलेलं होतं. अगदी जवळ गेले तेव्हा वाचता आलं — "आंधळ्याचे दुकान". चष्म्या आत नव्हता. बरं झालं.

२५ ऑक्टोबर

तोच घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मावशी, चौकात येऊन एवढंच सांगा. 'वर घे' तुम्ही म्हणालात. रेघेकडे तुम्ही बघत होतात."

म्हटलं, "मी अडाणी बाई. मला काय कळतं दिव्यातलं?"

आजवर कुणी मला अडाणी म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांची खैर नसायची. आज स्वतःच म्हटलं. गोड आवाजात म्हटलं.

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "कड रेघेखाली होती? नक्की?"

"होती की."

"मग मागची स्प्रिंग दबली असणार, अंड्यांच्या वजनाने. पुढून गाडी उचलली गेली. मीच भरलेली गाडी मागायला हवी होती. माझंच चुकलं."

खाली गेला आणि दिवे पुन्हा लावून दिले. या वेळी मला सीटवर बसवलं नाही. स्वतःच स्क्रू फिरवत होता, मागे वळून वळून भिंत बघत होता. मान अवघडली असेल. जाताना चिडवायला काही बोललाही नाही. मीही नाही.

२७ ऑक्टोबर

टपरी बंद. फळी काढून नेली म्हणे.

दीर पलंगावरून म्हणाले, "वहिनी, गाडी राहू दे. मी उठेपर्यंत घर तिच्यावरच." जावेने लसूण माझ्या हातातून काढून घेतला — "तुम्हाला पहाटे उठायचंय, ताई."

जिंकले मी. घ्या.

२८ ऑक्टोबर

स्प्रिंग दबली नव्हती. दिवे चांगले होते. चष्म्याचं काही चुकलं नाही. त्या संध्याकाळी भिंतीवर मला रेघ दिसलीच नव्हती, कडही नाही — नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं. जुन्या दिव्यांतही तसंच दिसायचं, दिवसाही लांबचं तसंच दिसतं. डॉक्टरला दाखवलं तर हातातली चावी काढून घेतील, म्हणून दाखवलं नाही. वळणावर दीर मला दिसले नाहीत.

आंधळी मी आहे.